कोरगावकर सरांना न आढळलेल्या बायका

कोरगावकर सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं पनवेलमध्ये पुष्कळ सापडतील. त्यांनी त्यांचं लिहावं. मी माझं लिहिते. माझ्या हिराआत्याला आणि तिच्यासारख्या बायकांना खाडीत उतरायला एक वाट हवी होती आणि काठावर बसायला एक ओटा. या माणसाच्या एका वाक्यामुळे दोन्ही मिळालं नाही. लिहिलेलं वाक्य मागे घ्यायची संधीही त्यांच्याकडे चालून आली होती. ती त्यांनी घेतली नाही. तेव्हा हे चित्र गोड उतरणार नाही, आधीच सांगून ठेवते. त्यांना अहो-जाहो करते ती जुनी सवय म्हणून. आदर म्हणून नव्हे.

डॉ. विलास कोरगावकर पनवेलच्या एका कॉलेजात समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. मी त्यांच्याच हाताखाली एम.ए. झाले आणि पुढे तिथंच तासिका तत्त्वावर शिकवू लागले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. वडील मिठागरावर कामाला, आई आणि आत्या खाडीत. होडी नाही, जाळं नाही. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, हातानं चिखलातले निवट्या मासे धरायचे, बिळातून नांग्यांच्या चिंबोऱ्या ओढून काढायच्या, दगडावरच्या कालवांचे शिंपले फोडायचे आणि भरती चढायच्या आत परत यायचं. माझ्या फिया त्यातून भरल्या गेल्या. हे मी कॉलेजात कधी लपवलं नाही, आणि कुणी न विचारता सांगतही बसले नाही. सांगायचं काम सर करत.

"ही मनीषा घरत. फील्डमधली मुलगी," असं ते पाहुण्यांना सांगायचे. मी जन्मले ते गाव माझ्यासाठी गाव होतं. सरांसाठी ते फील्ड होतं.

सर उंच होते, कपडे कायम कडक इस्त्रीचे, आणि आवाज असा की साधी रजेची चौकशी केली तरी उद्घाटनाचं भाषण वाटावं. त्यांच्या बॅगेत स्वतःचे दोन परिचय टाइप केलेले असत. एक छोटा, एक मोठा. कुठल्याही कार्यक्रमाला गेले की सूत्रसंचालन करणाऱ्याला बाजूला घेऊन विचारायचे, "वेळ किती आहे?" उत्तर काहीही असो, हातात मोठाच पडायचा. परिचय वाचला जात असताना ते मान खाली घालून विनम्रपणे बसत, पण ओठ हलत असत. मी एकदा गडबडीत 'विद्यापीठाचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक' एवढे शब्द गाळले. सर खोकले. मी पुढे वाचत राहिले. सर पुन्हा खोकले आणि मांडीवरचं एक बोट वर केलं. मी मागे जाऊन ती ओळ वाचली तेव्हा खोकला थांबला. पहिल्या रांगेतल्या एका भल्या माणसानं त्यांना पाण्याची बाटली नेऊन दिली.

काम झालं की 'आमच्या विभागानं केलं' म्हणायचे आणि पुरस्कार आला की 'मला मिळाला'. हा फरक आम्हा सगळ्यांना पाठ होता. पण त्यांचं खरं प्रेम पुरस्कारावरही नव्हतं. ते होतं योजनांवर. कुठल्या खात्याकडे शिक्षण आणि समाजशास्त्रासाठी निधी आहे, अर्जाची मुदत कधी, कुठल्या फेलोशिपला वयाची अट आहे, कुठल्या सन्मानासाठी प्राचार्यांची शिफारस लागते, सगळं तोंडपाठ. स्टाफरूममध्ये आले की खुर्ची ओढायच्या आधी म्हणायचे, "योजना आधी बघा. विषय नंतर सुचतो." हे ते चेष्टेत म्हणत नव्हते. ज्या वर्षी आदिवासी शिक्षणाला निधी होता त्या वर्षी ते आदिवासी शिक्षणाचे अभ्यासक झाले. पुढे वृद्धांवर योजना आली तेव्हा वृद्धांचे.

आमच्याबरोबर नसीमा होती. शिक्षणशास्त्र शिकवायची. पनवेलच्याच मोहल्ल्यातली, घरातले निम्मे पुरुष आखातात. तिला एक विषय मनापासून करायचा होता. बाप, भाऊ परदेशी असलेल्या घरातल्या मुलींचं शिक्षण कोण ठरवतं? तिनं तो सरांना सांगितला तेव्हा मी समोरच होते.

"छान. पण दुबई काढ," सर म्हणाले. "'किनारी भागातील मुली' असं कर. यंदा किनाऱ्याला पैसा आहे."

"सर, आमच्या मोहल्ल्यातून समुद्र दिसत नाही."

"खाडी?"

"खाडी लांब आहे, सर. गटार दिसतं."

"ते कुठे जातं शेवटी?"

"खाडीला."

"झालं तर मग!" सर खुशीत म्हणाले. नसीमा माझ्याकडे बघून पुटपुटली, "या अल्लाह, गटारावर ग्रँट." तो प्रस्ताव मंजूर झाला, हे सांगायला हवं. आणि तो बसून लिहून दिला सरांनी, स्वतःच्या हातानं, एक पैसा किंवा चहाही न घेता. अर्ध्या कॉलेजचे प्रस्ताव त्यांनी असेच लिहून दिले. हा माणूस आळशी नव्हता, लाचखाऊही नव्हता. तसा असता तर त्याच्यावर रागवणं सोपं गेलं असतं.

मग विमानतळाची गोष्ट पक्की झाली. आमची गावं उठणार हे ठरलं. गावात रोज बैठका, रोज नवी अफवा, आणि कॉलेजात सरांच्या चालण्याला वेगळाच जोर आला. 'विमानतळबाधित गावांतील पारंपरिक व्यवसाय' या नावानं त्यांना संशोधन प्रकल्प मंजूर झाला. आजूबाजूच्या सगळ्या गावांवर त्यांनी अशी मालकी सांगायला सुरुवात केली की दुसऱ्या कॉलेजचा कुणी विद्यार्थी तिकडे फिरकला तर फोन करून म्हणायचे, "ते गाव आमच्याकडे आहे." पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांकडे ते राहणार नव्हतं, पण सरांकडे होतं.

आमच्या गावी जायचा दिवस त्यांनी ठरवला. मी सहायक. आदल्या दिवशी मी सांगितलं, "सर, उद्या सकाळी ओहोटी आहे. बायका खाडीत असतील. तीननंतर जाऊ या."

"गाडी एकपर्यंतच सांगितलीय," सर म्हणाले. "आणि संध्याकाळी मला रोटरी क्लबात बोलायचंय. सकाळीच जाऊ. नमुना काय, जो भेटेल तो."

गेलो. गावात दारांना कड्या. ओट्यावर कोंबड्या. देवळात बाळूनाना आणि त्यांच्या वयाचे दोघं पत्ते खेळत बसलेले. बाळूनाना म्हणजे आमच्या आळीतले सगळ्यांत वयस्कर, जीभ मात्र तरुण. सरांनी सतरंजीवर बैठक मारली, मला फोटो काढायला सांगितला आणि विचारलं, "आजोबा, गावात हातानं मासे धरणाऱ्या बायका आहेत का अजून?"

"हायेत ना. सगल्या हायेत."

"कुठे आहेत?"

"खारीन गेल्यान. पानी चरलं का येतील." खाडीत गेल्या, भरती चढली की येतील, असं.

"म्हणजे आत्ता इथे कोणी नाही?"

"आता कशी आसंल, सायेब? मासली काय देवलान येतं धराला?" बाकीचे दोघं हसले. सरही हसले. त्यांना वाटलं, ग्रामीण विनोद आहे.

मी म्हटलं, "सर, थोडं थांबू. नाहीतर चला काठावर, लांबून दिसतील तरी." सरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. पॉलिश केलेले, काळे. "निरीक्षणाची जागा बदलली की पद्धत बिघडते, मनीषा," ते म्हणाले. एकाच्या आधी गाडी पनवेलच्या रस्त्याला लागली. वळणावर मला काठाकडून येणाऱ्या बायका दिसल्या, डोक्यावर टोपल्या, एकामागे एक. मी काचेवर बोट ठेवून म्हटलं, "सर, त्या बघा." सर फोनवर होते. त्यांनी हातानंच 'नंतर' असं केलं.

अहवालात काय लिहिलं ते मला फार उशिरा कळलं. सहायकाला पक्की प्रत देत नसत. पण अहवाल गाजला. सरांना विद्यापीठात गौरव मिळाला, त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवून मिळाली, आणि कॉलेजनं जंगी सत्कार ठेवला. आठवडाभर आधी सर माझ्याकडे आले. "गावच्या बायका आण. दहाबारा. पारंपरिक वेशात, टोपल्या घेऊन. एखादं नाच-गाणं झालं की कार्यक्रमाला मातीचा वास येतो."

गावात सांगितल्यावर हिराआत्या म्हणाली, "तुज्या मास्तराचा मान हाय ना? मंग येतांव." आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, विधवा, मूलबाळ नाही, मला तिनं आपलं मूल मानलं होतं. त्या दिवशीही सकाळी ओहोटी होती. बायका खाडीतून आल्या, आंघोळी केल्या, ठेवणीतली लुगडी नेसल्या आणि कॉलेजच्या टेम्पोत बसल्या. स्टेजवर त्यांनी फेर धरला. सभागृहानं टाळ्यांचा ताल दिला. सरांनी मध्ये उभं राहून फोटो काढून घेतला. डोक्यावर टोपी, हातात टोपली, एका बाजूला आत्या. आत्याच्या बोटांना कालवांच्या धारदार शिंपल्यांनी कापलेल्या ताज्या खुणा होत्या. सरांनी तिचा हात धरून वर केला आणि माइकवर म्हणाले, "ही आपली लोप पावलेली संस्कृती!" लोप पावलेली संस्कृती लाजून हसली आणि नंतर मला म्हणाली, "मास्तर चांगला हाय गं. पन हात लय मऊ हायेत."

त्यानंतर पुनर्वसनाची सुनावणी लागली. ज्यांचा उद्योग खाडीवर आहे त्यांना नव्या वसाहतीत काठाच्या बाजूची जागा, उतरायला वाट आणि माल धुवायला ओटा देण्याचा विचार होता. होडीवाल्यांची नावं सहज लागली. होडी दिसते. आत्या आणि बायका पुढे गेल्या तेव्हा सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी कागद चाळले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, तुमच्या गावाचा अभ्यास झालेला आहे. त्यात लिहिलंय, वाचून दाखवतो." आणि वाचलं. 'पाण्यात उतरून हाताने मासेमारी करणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्ष आढळून आल्या नाहीत. सदर व्यवसाय नामशेष झाला असल्याचे दिसते.'

"कोनी लिवलंय ह्ये?" आत्यानं विचारलं.

"डॉ. कोरगावकर. तज्ज्ञ आहेत."

"आवो, आमी नाचलो त्यांच्या म्होरं!"

साहेबांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. मी पुढे होऊन म्हटलं, मी त्या प्रकल्पावर होते, आम्ही ओहोटीच्या वेळी गेलो होतो, गाव रिकामं होतं कारण गाव कामावर होतं. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहात का? संशोधक म्हणून तुमची काही नोंद?"

"मी तासिकेवर आहे."

"मग असं करा. ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडून दोन ओळींची दुरुस्ती आणा. मी लगेच घेतो."

दोन ओळी. मला वाटलं, हे तर झालंच. दुसऱ्याच दिवशी मी, नसीमा आणि आत्या सरांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी आत्याला ओळखलं नाही. पण उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला. रीतभात त्यांच्याकडे कायम होती. मी सगळं सांगितलं. सर डोळे मिटून ऐकत होते.

"मनीषा, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण संशोधनात 'आढळलं नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. मी कुठे म्हटलं त्या नाहीत? मी म्हटलं, मला आढळल्या नाहीत."

"मग आता आढळल्या म्हणून लिहा," नसीमा म्हणाली. "ही बसलीय समोर. चहा पितेय."

"असं नसतं, नसीमा. अहवाल सादर झाला, स्वीकारला गेला. त्यावर गौरव झालाय. आज एक वाक्य बदललं तर उद्या कोणी विचारेल, बाकीची वाक्यं खरी कशावरून? माझ्या हाताखाली मुलं आहेत. त्यांच्या पदव्या अडकतील. एका वाटेसाठी एवढ्या मुलांचं नुकसान करू?"

खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग एकाएकी तो चेहरा उजळला. मला तो उजेड माहीत होता. योजना दिसली की यायचा.

"थांब. आपण नवा प्रकल्प टाकू! 'नामशेष व्यवसायांचे पुनरुज्जीवन'. पूर्वीच्या निष्कर्षांचा पुनर्विचार. याला पैसा मिळतो. तू सहसंशोधक. तुझं नाव अहवालावर, मनीषा. तुझी नोकरी कायम व्हायला याचा उपयोग होईल. मावशींना आपण मुख्य माहितीदार करू."

आत्या माझ्याकडे वळली. "काय म्हंतान?"

"म्हणतात, तू आहेस असं ते नव्यानं शोधून काढतील."

"कवा?"

सरांनी कॅलेंडर पाहिलं. "मार्चनंतर मंजुरी आली तर पुढच्या दिवाळीपर्यंत प्राथमिक निष्कर्ष."

"आनि जागा कवा वाटनार?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

आत्यानं कप खाली ठेवला. "मंग दिवालीला आमाला हुडकून काय करनार, मास्तर? फटाके वाजवनार?"

सर हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं. मी त्यांना सांगितलं की तुमच्या नव्या प्रकल्पावर माझं नाव नको. एवढंच बोलले, आवाज न चढवता. पुढच्या वर्षी माझे तास कमी झाले, त्याच्या पुढच्या वर्षी संपले. मी खारघरच्या एका कॉलेजात लागले. नसीमा तिथंच राहिली. नव्या प्रकल्पाचं काय झालं हे तिच्याकडूनच कळलं. मंजूर झाला, आणि सरांना त्यावर आणखी एक सन्मान मिळाला. आपल्याच चुकीवर दोनदा गौरव झालेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

ओटा मिळाला नाही. घर मिळालं उलव्याच्या आतल्या बाजूला, आजूबाजूला बांधकामं, जिकडे बघावं तिकडे पत्र्याचं कुंपण. आत्या रोज रिक्षानं उरलेल्या खाडीकडे जाते, भराव आणि भिंत चुकवून कुठून तरी चिखलात उतरते. बरोबरीच्या निम्म्या बायकांनी ते सोडलं. कुणी बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करतं, कुणी घरीच बसलं. परत आली की आत्या रस्त्याच्या कडेला, सिमेंट मिक्सरच्या शेजारी, टोपली मांडून बसते. पाणी नाही, सावली नाही. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली की उठायचं.

सरांना शेवटचं तिथंच पाहिलं. रविवार होता, मी आत्यापाशी बसले होते. एक पांढरी गाडी थांबली. सर उतरले. निवृत्त झाले होते, केस पूर्ण पांढरे, इस्त्री तशीच. मागच्या सीटवर त्यांच्या बायको, कोरगावकर बाई, बसलेल्या. मी ओढणी कपाळावर ओढली, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"चिंबोऱ्या जिवंत आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हात लावून बगा," आत्या म्हणाली. तिनं त्यांना पहिल्या शब्दालाच ओळखलं होतं, हे मला तिच्या ताठ झालेल्या मानेवरून कळलं.

"कुठून आणता? मार्केटमधून?"

"खारीतून. मीच धरतंय."

"अरे वा," सर म्हणाले, आणि गाडीकडे वळून बाईंना सांगितलं, "ऐकलंस? ह्या स्वतः धरतात." मग भाव केला, घासाघीस केली, आत्यानं चार मोठ्या निवडून, नांग्या बांधून पिशवीत घातल्या. चांगल्यातल्या चांगल्या. माझा जीव जळत होता. पिशवी हलायला लागली तशी सरांनी ती अंगापासून लांब धरली. जाता जाता त्यांची नजर खाली गेली. आत्याच्या पायांवर, गुडघ्यापर्यंत, सकाळचा चिखल वाळून राखाडी झाला होता, भेगाळला होता. सर त्या पायांकडे चांगले निरखून बघत राहिले.

"एक सांगू का मावशी?" ते म्हणाले. "पाय स्वच्छ धुऊन बसत जा. गिऱ्हाईक वाढेल."

गाडी निघाली. आत्यानं लुगडं थोडं वर खोचलं आणि दोन्ही पाय रस्त्याच्या बाजूला लांब पसरून बसली.